बंद दाराशी गप्पा

दर्शू,

तिसऱ्यांचं सुकं झाकून ठेवलंय, गरम करून खा. बाबांना घेऊन डॉक्टरकडे चाललेय. त्यांना सांगितलंय, माझे गुडघे दाखवायचेत.

काल तू लेहच्या गाइडला फोनवर म्हणालीस, "बाबा ठणठणीत आहेत, रोज तीन मजले चढतात." चढतात गं, पण प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी बोलत थांबतात, ते दम लागतो म्हणून. परवा सावंतीणबाई गावाला गेलेल्या, तरी हे त्यांच्या बंद दाराशी बोलत उभे! कपाळ घामाने डबडबलेलं. मी वरून बघितलं.

तिथे तर हवाच विरळ. गाडी, गाइड सगळं आपल्यापुरतं मिळेल, श्वास कुठून आणायचा?

आज गाइडला होकार कळवू नकोस. बाबा सकाळपासून नवा स्वेटर घालून फिरतायत. त्यांना तूच सांग, मला धीर होत नाही.

आई