पाणी आता रोज येते

प्रिय विनिता,

अनेक उत्तम आशीर्वाद. परेशरावांना आशीर्वाद व तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा.

हाताशी फोन असताना बाबांनी पत्र का धाडले, याचे तुला नवल वाटेल. फोनवर माझी वाक्ये अर्धवट राहतात, हे तू जाणतेस. दिवाळीत तू बाळंतपण पुण्यालाच करायचे ठरवल्याचे सांगितलेस, तेव्हा "बरं, तुमची सोय पाहा" एवढेच बोलून मी फोन ठेवला. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपल्याकडची रीत. परंतु ज्या घरी एक दिवसाआड पाणी येते तिथे बाळंतिणीने यावे कसे, हा तुझा प्रश्न बिनतोड होता.

त्या प्रश्नाला आता उत्तर आहे. विरारच्या आपल्या घरी गेला दीड महिना रोज पाणी येते आहे.

सूर्या धरणाचे वाढीव पाणी शहराला मिळाल्याचे वर्तमानपत्रांतून वाचत होतोच. आपल्या गल्लीत मात्र महापालिकेची नवी जलवाहिनी या जानेवारीत पडली. पहिल्या दिवशी जे घडले ते तुला सविस्तर कळवलेच पाहिजे. पाणी वर चढताच बावीसच्या बावीस बिऱ्हाडांनी जुन्या सवयीने कालचे पाणी शिळे म्हणून ओतून दिले आणि पिंपे, बादल्या, कळश्या, कुकरची भांडीसुद्धा काठोकाठ भरली. परिणामी साडेआठच्या सुमारास गच्चीवरची टाकी रिकामी झाली. म्हणजे ज्या दिवशी पाणी मुबलक आले, नेमक्या त्या दिवशी इमारत कोरडी पडली. आपल्या सोसायटीचे अध्यक्ष व्हॅलेरियन जिन्यात उभे राहून प्रत्येक मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "अरे, उद्यापण येणार आहे पाणी. परवापण येणार आहे. सोडा ती पिंपं." विश्वास कोणाचाच बसेना. या गोंधळात मी सामील नव्हतो असे लिहिणे असत्य ठरेल. मीही नऊ भांडी भरली होती, तीही तुझ्या आईने घालून दिलेल्या क्रमाने.

ती नेहमी म्हणे, रोज पाणी येईल त्या दिवशी तांबे न मोजता आंघोळ करीन. तो दिवस तिच्या जाण्यानंतर दीड वर्षाने आला. पाण्याचा अपव्यय मला तत्त्वतः अमान्य आहे. तरीही एका रविवारी नळ पूर्ण सोडून मी तिच्या वतीने तशी आंघोळ केली. बाहेर आलो तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो. सूर अर्थातच चुकीचा होता, आणि तो चुकल्याचे सांगणारे घरात कोणी नव्हते.

न्हाणीघरातले निळे पिंप एकोणीस वर्षांनी हलवले. ते गेल्यावर ध्यानात आले, की तिथे एका माणसाला पाय लांब पसरून बसता येते. ही गोष्ट डोक्यात घोळत असतानाच मी रक्तदाब तपासण्यासाठी प्रभागातल्या नव्या आरोग्य केंद्रात गेलो. रस्ता चांगला झाला असून महापालिकेची नवी विजेवरची बस दारापर्यंत जाते. वाहक माझे पाऊल जमिनीवर टेकेपर्यंत घंटी देत नाही. केंद्रात फलक होता: दर गुरुवारी गरोदर माता व कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन. कुटुंबीयांत आजोबांचा समावेश होतो काय, अशी मी लेखी विचारणा केली. तिथल्या परिचारिका, सांडोर गावच्या ज्युली सिस्टर, कागद न वाचताच म्हणाल्या, "बसा ना काका, खुर्ची रिकामी आहे."

मी पाच गुरुवार गेलो. अकरा स्त्रिया आणि मी. तिसऱ्या गुरुवारी रबरी बाहुलीला आंघोळ घालण्याची माझी पाळी आली. मी तिला दोन्ही हातांनी समोर आडवी धरून उभा राहिलो. सिस्टर म्हणाल्या, "काका, मानेखाली हात घाला. साहेबांकडे सहीला नेताय का तिला?" सगळ्या हसल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कोणी असे हसले असते तर मी खुलासा मागितला असता. त्या दिवशी मीही पोट धरून हसलो. आता मान नीट धरता येते. कानात पाणी जाऊ न देणे, काखेतल्या वळ्या कोरड्या करणे, हेही जमते. पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालावे की नाही, यावर सिस्टर आणि एका सासूबाईंचा अद्याप वाद चालू आहे. मी दोन्ही बाजू वहीत टिपून ठेवल्या आहेत.

विनिता, दिवाळीत तू पाण्याचे कारण सांगितलेस ते माझे मन राखण्यासाठी. खरे कारण, घरात आई नाही, हे होते. त्याचे निवारण कोणत्याही महापालिकेच्या हाती नाही आणि माझ्याही नाही. पण आई गेली म्हणून तुझे माहेर गेले, असे त्या दिवशी मी न बोलता मान्य करून टाकले. ती माझी चूक होती, आणि ती दुरुस्त करण्यासाठीच हे पत्र. तू ये. सातवा सरला की ये. परवा मी तिच्या मऊ झालेल्या सुती साड्या कपाटातून काढल्या. इतके दिवस त्यांना हात लावला नव्हता. शेजारच्या एमिलीने त्यांची आठ दुपटी शिवून दिली. ती धुऊन मी गॅलरीत वाळत घातली. ती पाहून व्हॅलेरियननी खालूनच विचारले, विनिता केव्हा येतेय? कोणतीही खातरजमा न करता विधान करण्याची माझी ही आयुष्यातली पहिलीच वेळ: मी त्यांना सांगून टाकले, पंधरा दिवसांत. आता साऱ्या इमारतीला ते ठाऊक झाले आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
बाबा