गुरुवारचं वजन

५ जून, गुरुवार
हाडांच्या डॉक्टरांनी ८८ किलो भरल्यावर स्पष्टच सांगितलं होतं, गुडघा वाचवायचा तर वजन उतरवा. आहाराच्या मॅडम आता दर शुक्रवारी फोनवर, व्हिडिओत दिसणार. वजन आपण करून सांगायचं. घरात काटा नाही. मुलगा, नितीन, म्हणाला, वर्कशॉपमध्ये पार्ट मोजायचा काटा आहे की. भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणजे हसायला कामगार नाहीत. चप्पल, घड्याळ, चष्मा, सगळं उतरवून चढलो. मी चढल्यावर नितीनने आकडा वाचला. ८५! नुसती चहातली साखर सोडली तर ही कमाल.

६ जून
मॅ. खूश होतील वाटलं. उलट कपाळाला आठ्या. "काका, इतक्या झपाट्याने नको. या वयात चरबीआधी ताकद जाते." रोज दोन अंडी, वाटीभर उसळ वाढवली. वजन उतरवायला बसलो आणि ताट वाढलं! शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठायचं. एकदाही जमेना. सौ. आधी हसली, मग मागे येऊन खुर्ची धरून उभी राहिली.

श्रावणी सोमवारी ती घोराडेश्वरचा डोंगर चढते, अनवाणी. गेली तीन वर्षं मी खाली टपरीवर तिच्या चपला सांभाळत चहा पितोय. यंदा तिच्याबरोबर वर जायचंय. बाकी मला काही नको.

२० जून
काट्यावर ८४. मॅ.ना ताट दाखवायचं असतं. सौ.ने फोन सगळ्या स्वयंपाकघरातून फिरवला, तेलाचा डबा मात्र पदराआड. मॅ.नी तोही पाहिला. नातीच्या वयाची पोर, पण दमात घेते. आणि तासभर ऐकूनही घेते. पूर्वी दवाखान्यात नुसतं बाकावर बसून गुडघा सुजायचा. देव तिचं भलं करो.

८ जुलै, मंगळवार
नितीनचा डबा द्यायला गेलो. सहज काट्यावर चढलो, चष्म्यासकट. ८७.

बुधवारी संध्याकाळी शेवटचे पार्ट क्रेटमध्ये मोजतात. क्रेटचं वजन वजा करून ठेवलेलं असतं, ते तसंच राहतं. गुरुवारी रिकाम्या काट्यावर उणे तीन दिसत असणार. मला चष्म्याशिवाय कसं दिसणार? नितीन तर मी चढल्यावर बघतो. उभा जन्म कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये गेला. मापाचं गेज शून्यावर नाही म्हणून लोकांनी केलेले पार्ट परत पाठवले, आणि स्वतःचंच...

महिनाभरात एकच किलो. जेवण गेलं नाही.

१० जुलै
फोन करूच नये असं मनात. मॅ.ना काय तोंड दाखवू? सौ. म्हणाली, "सांगून टाका. ती पोरगी आपल्यासाठी एवढी झटतीया, तिला खोटं न्हाई सांगायचं."

११ जुलै
सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं. मॅ. तोंडावर हात ठेवून हसल्या, मग माफी मागून पुन्हा हसल्या. म्हणाल्या, तरीच. उसळ-अंडी राहू द्या, भाकरी अर्धी कमी करू, वजन आता नव्याने मोजू.

"काका, खुर्चीतून उठून दाखवा."

उठलो, बसलो. पुन्हा. दहा वेळा, हात न टेकता. सौ. खुर्ची धरायला आली होती, ती तशीच भिंतीशी उभी राहिली.

"हे तर काट्याने नाही ना केलं?"

डोळे भरून आले. फोन सौ.कडे दिला. या पोरीचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही.

२४ जुलै, गुरुवार
आधी चष्मा. शून्य बघितलं. मग चढलो. ८६ आणि थोडं. गुडघा जिना उतरताना अजून बोलतो. मॅ.ना डोंगराचं विचारलं. म्हणाल्या, काठी घ्या, बसत बसत जा, दुखलं की मागे फिरा. मागे फिरायला लाजू नका.

२८ जुलै, श्रावणी सोमवार
सौ. पहाटेपासून आवरून बसलीय. बेल, फुलं, पाण्याची बाटली, माझी काठी, उकडलेली मटकी डब्यात. रिक्षा सांगितलीय. वरपर्यंत जमेल का, माहीत नाही. अर्ध्यात बसलो तरी गेल्या वर्षीपेक्षा वरच असेन. तिला म्हटलं, मी पण वर आलो तर तुझ्या चपला कोण सांभाळणार?

"टपरीवाला हाय की. दोघांच्या ठिवू त्याच्याकडं."