ऑफिस का आदमी

बाबा, कापडाच्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणारा माणूस म्हणून लोक आता मला ओळखतात. या कामात मी शिरलो कसा, हे मात्र कुणालाच खरं सांगितलेलं नाही.

तुमची मिल बंद झाली तेव्हा मी नोकरी न धरता औषधांच्या दुकानांना प्रोग्राम करून देत होतो. तसं काम करणारे गल्लोगल्ली झाले, तेव्हा इंदूरजवळच्या पीथमपूरच्या नव्या कापड कारखान्यांकडे वळलो. थानातले, म्हणजे कापडाच्या ताग्यातले, दोष नोंदवायचा प्रोग्राम केला, त्यात पुस्तकातली इंग्रजी नावं घातली. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ती यादी वाचलीत आणि हसलात. "अरे, तपासणारा हे वाचत बसला तर थान पुढे निघून जाईल. पट्टा लिही, जाला लिही, तेलाचा डाग लिही." मग आईचं लुगडं खिडकीत उजेडाला धरून तुम्ही एकेक दोष दाखवता आहात, विणीतला आडवा पट्टा कसा दिसतो, गुंतलेल्या धाग्यांचा जाला कसा, मी लिहून घेतो आहे आणि आई ओरडते आहे, "नवं आहे हो ते, उसवू नका!" तीस वर्षं मिलमध्ये कापड तपासलेली तुमची बोटं डोळ्यांच्या आधी थांबत.

प्रोग्राम दाखवायच्या दिवशी मीच तुम्हाला सोबत नेलं, कारण दोष ओळखणं मला एकट्याला जमलं नसतं. मालक पडद्याकडे बघता बघता इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, एक बात है, बंद मिलवालों को हम घुसने नहीं देते. झंडा लेके आ जाते हैं." मग तुमच्याकडे बघून, "ये कौन?"

"ऑफिस का आदमी है, सर," मी म्हणालो.

माझं ऑफिस म्हणजे आपल्या घरातलं एक टेबल. वडील म्हणायचं राहिलंच, पण साधं आदराचं 'हैं'सुद्धा म्हणालो नाही. गड्याला म्हणतात तसं 'है'.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पसरलेल्या थानावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "साहब, यहाँ पट्टा है. लिख लीजिए." मी लिहिलं. त्या एका थानावर तुम्ही सात दोष काढलेत, सातही वेळा मला साहब म्हणालात आणि काम मला मिळालं.

परतताना बसमध्ये मी काही बोलणार, तर तुम्हीच म्हणालात, "पडद्यावरची अक्षरं मोठी कर. तपासणारे चाळिशीच्या पुढचे असतात." घरी आईनं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "उत्तम झालं. मालक त्याला सर म्हणत होते." मालक मला भिया म्हणत होते, बाबा. सर मी म्हणत होतो.

त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात. एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मला एक वाक्य बोलता आलं नाही.

मागच्या आठवड्यात एका कॉलेजात मुलांनी विचारलं, "सर, इस लाइन में एंट्री कैसे मिली?" मी म्हणालो, बरीच फील्ड स्टडी केली. टाळ्या पडल्या. घरी येऊन हे लिहायला बसलो. आता निदान आईला वाचून दाखवावं म्हणून कागद घेऊन आत गेलो होतो. "काय रे?" ती म्हणाली. मी विचारलं, चहा घेतेस का?