ठमीचं डोकं खरंच दुखतं

आई,

ठमीने आज दूध अर्धंच प्यायलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून टेबलाखाली जाऊन बसली. मी पडदा ओढून अंधार केला तेव्हाच बाहेर आली, आणि ओकली. पाच वर्षांच्या पोरीला एवढं नाटक जमत नाही.

तुम्ही दोन महिने म्हणत होता, "अगं, डॉक्टरांना दाखव." मी म्हणत होते, शाळा बुडवायची ढोंगं आहेत. एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. मी तिला औषध म्हणून चमचाभर साखरपाणी दिलं होतं. दहा मिनिटांत "थांबलं" म्हणाली, म्हणून मी ठरवून टाकलं की दुखतच नव्हतं. खोट्या औषधानेही खरं दुखणं कमी होतं, हे मी प्रयोगशाळेत नव्या मुलांना शिकवते. घरी मात्र तेच विसरले. "तुला काचेच्या नळीत सगळं दिसतं, पोरीचं तोंड तेवढं दिसत नाही," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी तुमच्यावरच चिडले होते. चुकलंच माझं.

तिचं डोकं दुखलं त्या दिवसांवर तुम्ही कॅलेंडरमध्ये फुल्या मारल्या आहेत. अकरा भरल्या. ती पानं फाडून नेतेय, डॉक्टर विचारतील. भाजी झाकून ठेवली आहे. तुम्ही फिरून आलात की जेवून घ्या, आमची वाट पाहू नका.

आत्ता बूट घालताना तिने हळूच विचारलं, "शाळेत जायचं ना?"

"नाही," मी मोठ्याने म्हणाले. "तुझं डोकं खरंच दुखतंय. आपण डॉक्टरांकडे जातोय."