चादरीचं दुसरं टोक

४ मार्च

थोरल्या जाऊबाई गेल्या. एक पिशवी, छत्री आणि स्वतःची कात्री घेऊन. मला वाटलं, जिन्यावरून तरी वळून बघतील. छे!

भांडण कशावरून, तर एका ब्लँकेटवरून. समोरच्या बंद शाळेत पुरात घरं गेलेली माणसं राहतात. त्यातली एक बाई ओलंचिंब ब्लँकेट घेऊन आमच्या लाँड्रीत आली. बरोबर मुलगी, खोकणारी. मी ते सगळ्यांच्या आधी ड्रायरमध्ये टाकायला निघाले, तोवर थोरल्यांनी त्याला पिनेने चिठ्ठी अडकवली. अकरा नंबर. मी पिन काढली. त्यांनी परत लावली. मी परत काढली. गिऱ्हाइकं बघताहेत, आणि आम्ही केस पिकलेल्या दोन जावा पिनेवरून झोंबतोय.

"तुम्हाला माणूस दिसत नाही, जाऊबाई. नंबर दिसतो." हे मी म्हणाले. सगळ्यांसमोर.

त्या शांतपणे म्हणाल्या, "नंबर नसता तर आजवर एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगात गेला असता. आणि मतसुद्धा तू असंच देणार, धाकटे. दुसऱ्याची पिन काढून."

संध्याकाळी बहिणीकडे निघून गेल्या. ब्लँकेट मी वाळवून दिलं. एवढा हट्ट केला होता, पण देताना काही आनंद झाला नाही.

५ मार्च

मत म्हणजे शहराच्या निवडणुकीचं. टेकडीखाली नवी इमारत बांधून तयार आहे, आणि तिच्या किल्ल्या कुणाला द्यायच्या यावरच सगळी निवडणूक उभी आहे. उमेदवार दोन. इंजिनिअर म्हणतो, वर्षानुवर्षं घरांच्या यादीत नाव असलेल्यांना आधी. डॉक्टरीणबाई म्हणतात, शाळेत जमिनीवर झोपणाऱ्यांना आधी. मी डॉक्टरीणबाईंची. थोरल्या इंजिनिअरच्या.

त्यांचं स्वतःचं नाव यादीत आहे. भावजी होते तेव्हापासून. "मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडीन," असं म्हणायच्या. पण स्वार्थासाठी त्या इंजिनिअरला मत देतात असं कुणी म्हणालं तर मी त्याची जीभ हासडीन. त्या पावाच्या दुकानातही कुणाला पुढे घुसू देत नाहीत, आणि स्वतःही घुसत नाहीत. तापाने फणफणलेल्या असतानासुद्धा दवाखान्यात शेवटच्या खुर्चीवर बसून राहिल्या होत्या.

८ मार्च

डबल बेडची चादर एकटीने घडी होत नाही.

९ मार्च

आज ह्यांना दुसरं टोक धरायला बोलावलं. हे चादर अशी धरतात जणू आग लागलीय आणि वरून कुणी उडी मारणार आहे. दुमडताना पीळ पडला. परत केलं, परत पीळ.

"तुमचं दोघींचं कसं जमायचं?" हे म्हणाले.

मीही विचार करत बसले. समोरासमोर उभं राहून दोघांनीही उजवा हात आणला की चादर पिळते. एकाने डावा आणायचा असतो. मी कायम उजवाच आणते. म्हणजे इतकी वर्षं डावा त्या आणत होत्या! कधी ठरवलं आम्ही? ठरवलंच नव्हतं. त्यांनी आपलं ठरवून घेतलं असेल मनाशी, हिला जमत नाही तर मी करते. आणि मग चार पावलं पुढे येऊन त्यांच्या कडा माझ्या हातात द्यायच्या. दर चादरीला बोटं लागायची. दिवसाला किती चादरी. आज बोटांना हॉटेलातून धुवायला आलेल्या चादरींच्या गार सुताशिवाय काही लागलं नाही.

हे गेले व्हॅन घेऊन. जाताना म्हणाले, "तुम्ही भांडता आणि सुरकुत्या माझ्या कपाळाला."

१२ मार्च

फोन केला. काय निमित्त काढलं, तर नॅपकिनना खळ किती घालायची! झोपेतून उठवलं तरी सांगेन मी ते.

"तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. पण ठेवला नाही. मागे त्यांच्या बहिणीच्या कुकरची शिट्टी वाजत होती. मीच तोंड उघडलं आणि माती खाल्ली. म्हणाले, "मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा एकच खोली होती. तुम्ही मध्ये पडदा लावून अर्धी मला दिलीत, खिडकीकडची. तेव्हा कुठे विचारला होतात माझा नंबर? दार उघडायला मी तुमच्याकडूनच शिकले ना?"

त्या म्हणाल्या, "ती माझी खोली होती, धाकटे. माझ्या ताटातलं मी तुला वाढलं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून वाढायला कुणाला दिलदारी लागत नाही."

त्यांचं ते वाक्य कानात बसलंय. पण त्या मुलीचा खोकलाही कानातून जात नाही. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, तो दोघींचा.

१३ मार्च

पूर्वी लोक आम्हाला चिडवायचे, "जावा जावा, उभा दावा." आम्ही हसायचो. आता कुणी चिडवत नाही.

१७ मार्च

मतदान. रांग दाराबाहेर, वळसा घालून पार पोस्टापर्यंत. पुढे एक पाठ दिसली, करडा कोट, मानेजवळ स्वच्छ इस्त्री. थोरल्याच. इतकी धडधड मला लग्नातही झाली नव्हती.

मागचा न्हावी म्हणाला, "अहो, तुमच्याच ना त्या? जा की पुढे, कोण काय म्हणतंय."

जाणार होते. पाऊल उचललं होतं. मग वाटलं, बाकी काही नाही तर एवढं तरी त्यांच्या मनासारखं करू. उभी राहिले. त्यांनी मान वळवली, मला बघितलं, मी जिथे होते तिथेच आहे हेही बघितलं.

मत देऊन बाहेर आल्या. माझ्याजवळ थांबल्या. माझी कॉलर एका बाजूने उलटी होती, ती सरळ केली, अंगठ्याने दाबली आणि गेल्या.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना मत दिलं. माझ्या मताने त्यांचं मत खाल्लं, त्यांच्या मताने माझं. दोघींनी घरी बसून चहा प्यायला असता तरी शहराचं तेवढंच झालं असतं. कॉलरला दिवसभर हात लावला नाही.

१९ मार्च

इंजिनिअर जिंकला. शाळेतली माणसं पायरीवर बसून होती. मला राग आला, खराखुरा, तळपायापासून. आणि त्या रागातच मनात आलं, त्यांना किल्ली मिळेल. बरंही वाटलं. एकाच छातीत हे दोन्ही कसं मावतं?

२६ मे

राहवलं नाही. त्यांच्या बहिणीकडे गेले. दार उघडून ती म्हणाली, "अगं, ती गेली की नव्या घरी. तुला नाही कळवलं?"

नाही कळवलं. आत न जाता दारातूनच परत आले. वाटेत ठरवलं, यापुढे नाव काढायचं नाही. रात्रीपर्यंत ह्यांच्याजवळ चारदा काढलं.

२७ मे

आज तर चादरी पसरून नुसतीच बसले. त्यांनी एकदा यावं. भांडायला का होईना, यावं.

९ जून

शाळेतली ती ब्लँकेटवाली बाई सकाळी दुकानात येऊन उभी. मला वाटलं काही धुवायला आणलंय. हात मोकळे होते. म्हणाली, थोरल्याबाईंनी पाठवलंय, कामाला. त्यांना दोन खोल्या मिळाल्या. एक त्यांनी हिला आणि मुलीला दिली, खिडकीकडची. "धाकटीला सांग," म्हणाल्या, "आता ताट माझं आहे. आणि मी तिकडे यायची नाही, माझं दार आहे इथे. तिला म्हणावं, तूच ये."

मी काही न बोलता चादर उचलली. तिने दुसरं टोक धरलं. मी उजवा हात आणला. तिने, मी न सांगता, डावा.

माझे डोळे भरले तशी ती म्हणाली, "त्या म्हणाल्याच होत्या, इथे रडेल म्हणून."