कोरी ठेवलेली वाट

हंस खानावळ, थेम्सकाठ
२ जून १८१९

प्रिय डॉर्कसताई,
स. न. वि. वि.

तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणत टाळलं, कबूल. सबब एकही नाही; लिहायला बसलो की लक्ष नदीकडे जातं. आत्ताच एक बाई होडीत चढताना छत्रीसकट... असो, वाचली.

काम मिळालं होतं. वरच्या हवेलीच्या सर ऑर्लँडो व्हेनना इथल्या नदीकाठच्या मळ्याचं जलरंगातलं चित्र हवं होतं. सोमवारी व्हिटसन सणाची सुट्टी, सगळं गाव मळ्यात लोळत होतं. वाम माशाची गरम पॅटिस, फिडल, पोरींच्या डोक्यावर तू शिवतेस तशा गवती टोप्या. सगळं काढलं. मधली पायवाट तेवढी रंगवली नाही, कागद कोरा सोडला. ऊन असंच काढतात, ताई.

साहेब म्हणाले, माणसं कशाला? आणि वाटेवर गवत ओढ. का, ते हवेलीच्या माळ्याने सांगितलं. मळ्याला कुंपण घालायचंय. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दोन न्यायाधीश येणार, त्यांची सही झाली की वाट बंद. ते काही चिखलात उतरणार नाहीत. दिवाणखान्यात चित्र बघतील, वाट नाहीच म्हणतील, जेवून जातील.

मी म्हणालो, गवत तुम्हीच ओढा. चित्र काखेत मारलं आणि निघालो. चुकलं का?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा टोबी

रेडिंग, ५ जून

चि. टोबीस,
अ. आ.

बाबांनी रंग घोटायला बसवलं तर पळालास, नकाशांच्या कामावरून पळालास, आता हे! आधी वाटलं, लिहावं की काढ बाबा चार काड्या गवत आणि नीट जेव. साहेबांच्या एका शब्दावर काठावरची सगळी घरं तुला दार लावतील.

मग सुई ओवताना मनात आलं, माझ्या दुकानातल्या पोरींना वर्षात असा एखादाच सोमवार मिळतो. त्यांनी काय कुंपणाच्या फटीतून नदी बघायची?

तेव्हा ऐक. आजवर सगळं अर्धं टाकलंस. हे टाकलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. आणि काखेतलं चित्र कोणाला दिसणार, वेड्या? भिंतीवर लाव.

माया आहे, पत्रात दिसली नाही तरी.
डॉर्कस

हंस खानावळ, ९ जून

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

लावलं! खानावळीतच, बीअरच्या पिंपांवर, भर दारासमोर. होडीवाला नॅट नाक मोठं काढलं म्हणून भांडला, आणि आता येईल त्याला तेच नाक दाखवतो, हा बघ मी, वाटेवर! उद्या न्यायाधीशांची गाडी इथेच अडवून त्यांना चित्र दाखवायचं, असं होडीवाल्यांनी ठरवलंय.

सकाळी हवेलीचा कारभारी आला. म्हणाला, संध्याकाळपर्यंत वाट बुजव, नाहीतर या काठावर पुन्हा ब्रश धरू देणार नाही. वर म्हणाला, सुट्टीला आलेल्या उपऱ्यांच्या चालण्याने वाट होत नसते. आमच्या हवेलीतलं माणूस कधी तिथून गेलेलं नाही. मी त्याच्यादेखत ब्रश धुतला, पाणी खिडकीबाहेर फेकलं. म्हटलं, वाट मी काढलेलीच नाही, तिथे नुसता कागद आहे. बुजवायलाच रंग लागतो, आणि तो मी देणार नाही.

उद्या काय होईल ते होवो. पळत नाहीये, एवढं लक्षात असू दे, आणि माझी आठवणही.
तुझा टोबी

ता. क. पत्राला लाख लावणार तोच सर ऑर्लँडोंच्या मातोश्री आल्या आहेत. वय ऐंशी. गाडीतून नाही, पायवाटेने चालत. घागरा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलाय. आल्या आल्या खानावळीच्या मालकिणीकडे पॅटिस मागितलं, नेहमीसारखं करपलेलं. मग चित्रात नाक खुपसून बराच वेळ शोधलं आणि माझ्यावर काठी उगारून म्हणाल्या, साठ वर्षं या वाटेने येतेय, मी कुठाय रे यात? काढ मला. वाटेवर जागा आहे भरपूर. आणि टोपी मोठी काढ, माझ्या पोराला लांबून ओळखू आली पाहिजे.