भाड्याच्या घरातले देव

सौ. नीलास,

सुट्टीला जालन्यात हॉटेल नको, अख्खं घर भाड्यानं घेऊ, हा हट्ट माझाच. काल संध्याकाळी घरमालकीण साळूबाई देवाजवळ दिवा लावायला आल्या, तर मी खेकसलो, "विचारल्याबिगर आत यायचं बिलकुल न्हाई." बिचाऱ्या तशाच फिरल्या.

आज पहाटे मागं गेल्तो. बाई गोठ्यात म्हशीजवळ घोंगडी पांघरून बसलेल्या. घर आपल्याला देऊन त्या तिथंच राह्यल्यात. वर माझीच माफी मागितली. म्हणे, "देव तेवढे गोठ्यात नेता येईनात, साहेब."

मी हॉटेलात खोली बघायला चाल्लो. तू सामान बांध. भाडं त्यांच्याकडंच राहू दे. पण आधी त्यांना आत बोलाव, मला तोंड न्हाई. काल रात्रभर त्यांचे देव अंधारात होते.

श्रीपती